दारात उभा टेम्पो आणि खात्यात न आलेले पैसे

जळगावात समुपदेशनाचे काम करताना अलीकडे एक प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक बचत गटातील स्त्रिया, शिवणकाम किंवा वाळवणाचे काम करणाऱ्या गृहिणी आणि लहान दुकानदार असतात. प्रश्न असा की, वस्तू जड असल्यामुळे ती कुरिअरने जात नाही, घेणाऱ्यानेच घरी येऊन न्यायची असते. मग पैसे आधी मागावेत की नंतर? आधी मागितले तर गिऱ्हाईक बिचकते आणि नंतरवर सोडले तर पैसे बुडतात. याचे उत्तर मी एका अनुभवाच्या आधारे देत आहे. ज्यांचा हा अनुभव आहे त्यांची परवानगी मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. येथे मी त्यांना अक्का म्हणेन.

अक्का अमळनेर तालुक्यातल्या. उन्हाळ्याचे तीन महिने त्या गावातल्या घरांसाठी शेवया, कुरडया आणि बिबड्या करून देत. खांदा दुखू लागल्यावर त्यांनी शेवयांचे विजेवर चालणारे मशीन विकायचे ठरवले आणि मुलाने जुन्या वस्तूंच्या ॲपवर फोटोसह जाहिरात टाकली : किंमत १६,५०० रुपये, घरी येऊन न्यावे लागेल. दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून बोलतो असे सांगणाऱ्या एका माणसाचा फोन आला. त्याने घासाघीस केली नाही, मशीन पाहायलाही तो येणार नव्हता. रविवारी दुपारी टेम्पो पाठवतो आणि पैसे मोबाइलवरून टाकतो, एवढेच तो म्हणाला.

ठरल्याप्रमाणे टेम्पो आला. चालकाला अक्कांनी पाणी दिले, चहा दिला. त्याच वेळी खरेदीदाराने व्हॉट्सॲपवर हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर अक्कांचे नाव होते, १६,५०० चा आकडा होता आणि व्यवहार यशस्वी झाल्याची ओळ होती. खात्यात मात्र काही दिसेना. त्यावर फोनवरून उत्तर आले, “आज रविवार आहे ना ताई, बँक बंद, उद्या दिसतील. टेम्पोवाल्याला भाडे चढते आहे, त्याला मोकळे करा.” अक्कांनी मशीन चढवू दिले. सोमवारी पैसे आले नाहीत आणि मंगळवारी तो क्रमांक बंद झाला. चालक खरा होता, पण त्यालाही फोनवरूनच भाड्याने सांगितलेले होते आणि पारोळ्याजवळच्या एका फाट्यावर त्याने मशीन दुसऱ्या गाडीत उतरवून दिले होते.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा या घटनेला अकरा दिवस झाले होते. तोवर त्यांनी पतीला काहीच सांगितले नव्हते, पोलिसांतही गेल्या नव्हत्या. जेवण जात नव्हते आणि फोन वाजला की छातीत धडधडत असे. “मी अडाणी, म्हणून फसले,” हे वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला ते पटले नाही. रविवारी त्या दारात नेमके काय घडले, हे मी त्यांना क्षणाक्षणाने सांगायला लावले, तेव्हा कळले की पैसे आलेले नाहीत हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी खाते दोनदा पाहिले होते. फक्त ते मोठ्याने म्हणण्याचे धाडस त्यांना झाले नाही. कारण विचारल्यावर त्या अहिराणीत म्हणाल्या, “दारमा उनेल मानूसले तू खोटा शे आसं कसं सांगू?” म्हणजे, दारात आलेल्या माणसाला तू खोटा आहेस असे कसे सांगू?

या एका वाक्यात लहान विक्रेत्याचा सगळ्यात मोठा धोका आहे, असे मी इतक्या वर्षांच्या कामावरून मानते. फसवणारा आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या भिडेवर अधिक भरवसा ठेवतो. दारात माणूस खोळंबला आहे, त्याला चहा दिला आहे, शेजारी पाहत आहेत, आणि अशा वेळी “थांबा” म्हणणे म्हणजे त्याचा अपमान करणे, असे आपल्याला वाटते. वस्तू उंबरठ्याच्या आत असेपर्यंतच विक्रेत्याच्या हातात काहीतरी असते, हे त्या घाईत निसटते.

म्हणून पहिल्या बैठकीत मी अक्कांना रविवारचे ते कारण कसे खोटे होते एवढेच समजावले. मोबाइलवरून लगेच पैसे पाठवण्याची यूपीआय सेवा वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालते. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची एनईएफटी सेवासुद्धा १६ डिसेंबर २०१९ पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी, दर अर्ध्या तासाच्या फेऱ्यांनी चालू असते. बँकेचे दार बंद असले तरी पैसे थांबत नाहीत. कधीकधी खऱ्या गिऱ्हाइकाचेही पैसे मध्येच अडकतात, हे खरे आहे. पण त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यूपीआयवर एकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेली पाहिजे आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणजे आपण थांबायला सांगितल्याने प्रामाणिक माणसाचे पैसे बुडत नाहीत. हे ऐकल्यावर अक्का बराच वेळ गप्प राहिल्या. थांबवणे हा अन्याय नाही, ही गोष्ट त्यांना नियमासह कुणीतरी सांगण्याची गरज होती.

दुसऱ्या बैठकीत आम्ही तो प्रसंग पुन्हा उभा केला. मी टेम्पोचालक झाले आणि अक्कांनी एकच वाक्य म्हणायचे होते, “दादा, बसा, माझ्या खात्यात पैसे दिसले की मशीन उचलू.” पहिल्या तीन वेळा त्यांचा आवाज चिरकला आणि त्या हसून विषय बदलू लागल्या. पाचव्या वेळी ते वाक्य नीट आले. त्यात खरेदीदाराला खोटे म्हटलेले नाही, फक्त क्रम सांगितला आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. खरेदीदार स्वतः येत असेल तर आगाऊ रकमेचा आग्रह धरू नये, कारण आगाऊ पैसे भरून फसलेले खरेदीदारही माझ्याकडे येतात आणि त्यांची भीती रास्त असते. त्याने वस्तू पाहावी, चालवून पाहावी, समोरच पैसे टाकावेत आणि आपण आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहून मगच वस्तू उचलू द्यावी. स्क्रीनशॉट, त्याच्या फोनवरची हिरवी खूण, किंवा आपल्या फोनवर आलेला बँकेसारखा दिसणारा संदेश, यांपैकी काहीही शिलकेची जागा घेऊ शकत नाही. खरेदीदार स्वतः न येता गाडी पाठवत असेल, तर त्याने गाडी निघण्यापूर्वी पूर्ण रक्कम भरावी. पैसे मिळवण्यासाठी कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितले तर तेथेच बोलणे संपवावे, कारण यूपीआयमध्ये पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही.

खरोखर जमा झालेल्या पैशांतही एक धोका असतो आणि त्याविषयी फार कमी लोक बोलतात. कुणीतरी ठरलेल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवतो आणि “चुकून गेले, वरचे परत करा” म्हणून दुसराच क्रमांक देतो. ती रक्कम एखाद्या तिसऱ्या माणसाला फसवून आणलेली असू शकते. त्या माणसाने तक्रार केली की आपल्या खात्यातील तेवढ्या रकमेवर, आणि कधी संपूर्ण खात्यावर, बंदी येते, म्हणजे ते पैसे काढता येत नाहीत. म्हणून जास्तीची रक्कम स्वतः परत पाठवू नये, बँकेला लेखी कळवावे. आणि पैसे पाठवणाऱ्याचे नाव व न्यायला आलेल्या माणसाचे नाव जुळते का, ते पाहावे.

कुरिअरने वस्तू पाठवली तर पोचपावती असते, हातोहात दिलेल्या वस्तूची काहीच नसते. कार्डाने पैसे भरून पुढे “वस्तू मिळालीच नाही” अशी तक्रार झाली, तर विक्रेत्याकडे दाखवायला कागद नसतो. यासाठी साध्या वहीच्या पानावर तारीख, वस्तू, तिचा क्रमांक, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि नेणाऱ्याची सही घ्यावी. गाडीचा क्रमांकही लिहून ठेवावा.

अक्कांनी तिसऱ्या बैठकीपूर्वी घरी सांगितले. पती रागावले, पण तक्रार द्यायला तेच सोबत गेले. १९३० या सायबर मदत क्रमांकाचा खरा उपयोग आपल्या खात्यातून पैसे गेलेले असताना लगेच फोन केल्यास होतो, कारण पुढच्या खात्यात ते अडवता येतात. येथे पैसे गेले नव्हते, वस्तू गेली होती, म्हणून पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यावी लागली; पूर्वीच्या कलम ४२० ऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू आहे. स्क्रीनशॉट, जाहिरात, संभाषण आणि टेम्पोचालकाचा जबाब असे सगळे दिले. मशीन अद्याप मिळालेले नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी घरातले जुने लोखंडी कपाट विकायला काढले. खरेदीदार एरंडोलचा होता, पत्नीसह आला होता आणि नेमके नेटवर्क मंद असल्यामुळे त्याचे पैसे वीस मिनिटे अडकले. अक्कांनी मला फोन करून हळू आवाजात विचारले, “ताई, अजून किती थांबवू?” मी म्हणाले, “दिसेपर्यंत.” फोन चालूच होता. पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, या वेळी मोठा आणि सरळ : “वहिनी, बसा, मी चहा टाकते, पैसे दिसले की कपाट उचलू.”