चेहऱ्याला उसंत द्या
वाचकांचे प्रश्न

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची आरास, उतरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. पावसाने आणलेली खाज अजून गेलेली नसते आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची घाई मात्र सुरू झालेली असते. यंदाच्या पत्रांतून पाच निवडली आहेत. मी डॉक्टर नाही, हे पुन्हा एकदा सांगते. फोंड्यात गेली २६ वर्षे ब्युटी पार्लर चालवताना जे हाताखालून गेले त्याच्या आधाराने लिहिते, आणि जिथे माझा हात थांबायला हवा तिथे तसे स्पष्ट सांगते.

ताई, माझे वय ३८ आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. शेजारणीने सुचवलेले मलम फार्मसीतून आणून दीड वर्ष लावत आहे. सुरुवातीला चेहरा इतका उजळला की सगळ्या विचारू लागल्या. आता दोन दिवस लावले नाही तर चेहरा लालबुंद होतो, जळजळतो आणि बारीक पुटकुळ्या उठतात. कोणते फेशियल करून घ्यावे?
— एक वाचक, डिचोली

सध्या कोणतेही फेशियल करू नका, आणि ब्लीच तर मुळीच नको. आपण लिहिले आहे तसेच शब्द माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बायकांच्या तोंडून मी वरचेवर ऐकते, आणि त्यांच्या पर्समधून निघणारी ट्यूब बहुतेक वेळा एकाच कुळातली असते. ती उलटी करून बारीक अक्षरे वाचली की त्यात तीन नावे सापडतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिले त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया मंदावते, दुसरे वरच्या थरातील पेशी लवकर झडायला लावते, आणि तिसरे स्टेरॉइड आहे. वांगावर असे तिहेरी मिश्रण क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ साली मांडले आणि त्याचे सुधारलेले प्रकार त्वचारोगतज्ज्ञ आजही वापरतात, पण ते थोड्या आठवड्यांपुरते, रात्री आणि स्वतःच्या देखरेखीखाली. दीड वर्ष स्वतःच्या मनाने लावण्याचे ते औषध नव्हे.

स्टेरॉइडमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो, म्हणून चेहरा आठवडाभरात उजळ आणि नितळ दिसू लागतो, आणि इथेच माणूस फसतो. महिन्यांमागून महिने तेच चालू राहिले की त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, हनुवटीवर लव वाढते, मुरुमे येतात, आणि मलम थांबवताच इतके दिवस दबलेला दाह दुप्पट जोराने उसळतो. मग तो शमवण्यासाठी पुन्हा तेच मलम लावले जाते. माझ्याकडे आलेल्या एका तरुणीने संपलेली ट्यूब कात्रीने उभी चिरून आतला शेवटचा थर बोटाने पुसून लावला होता. ती ट्यूब तिने मला दाखवली तेव्हा तिला सवय नव्हे, व्यसन लागले आहे हे दोघींनाही कळले.

एक गोष्ट कबूल करायला हवी. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत असे लाल चेहरे मी ‘नाजूक त्वचा’ समजून त्यांच्यावर फळांचे फेशियल केले आहे, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या चेहऱ्याने परतलेल्या बाईची क्षमाही मागितली आहे. आता मी आधी ट्यूब मागते, मगच एप्रन बांधते.

ही मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची मुळात परवानगीच नाही. केंद्र सरकारने २०१८ साली नियमात बदल करून त्वचेवर लावण्याची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असे ठरवले. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही अक्षरे आणि तशी सूचना छापलेली असते. काउंटरवर ते सहज हातात पडते म्हणून ते साधे सौंदर्यप्रसाधन ठरत नाही. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा आयातीची नोंद नाही, अशी ‘परदेशी’ क्रीम तर त्याहून वाईट, कारण त्वचा गोरी करण्याच्या अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत आणि आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा वापरता येत नाही.

आपण ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभाग आहे. मलम एकदम बंद करायचे की हळूहळू उतरवायचे हे त्यांनाच ठरवू द्या, आणि आपण गर्भवती असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगा, कारण ट्रेटिनॉइन त्या काळात चालत नाही. तोपर्यंत सौम्य फेसवॉश, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणूक, एवढेच पुरे. ट्यूब सुटल्यावरचे काही महिने कठीण जातात, चेहरा आधी बिघडतो आणि मग सुधारतो, हे आधीच ठाऊक असलेले बरे. वांगाविषयी एवढेच सांगते की ते संप्रेरकांमुळे आणि प्रकाशामुळे येते, उन्हाने पुन्हा गडद होते आणि त्यावर अतिनील किरणांबरोबर साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचाही परिणाम होतो. म्हणून वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा अधिक उपयोगी पडते. वांग फिके होईल, पण पुसले जाईल असे वचन कोणी दिले तर त्या दुकानातून उठा.

मुलीचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. एका पार्लरने सहा बैठकांचे ब्रायडल पॅकेज सांगितले आहे: गोल्ड फेशियल, डी-टॅन, ब्लीच आणि लग्नाच्या तीन दिवस आधी पील. घ्यावे का?
— एक आई, साखळी

पील, म्हणजे रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे, सोडून बाकीचे परवडत असेल तर घ्या, परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. फेशियलनंतर चेहऱ्यावर येणारी चमक मालिशने वाढलेल्या रक्तप्रवाहाची, वाफेची आणि वरचे मृत पापुद्रे निघाल्याची असते. ती एकदोन दिवस टिकते. सोन्याचा वर्ख त्वचेत उतरत नाही, तो बिलात उतरतो. हे मी स्वतः गोल्ड फेशियल करणारी बाई म्हणून लिहिते आहे. मुलीला चेहऱ्याला हात लावून घेणे आवडत असेल, तासभर डोळे मिटून पडायला मिळत असेल, तर तेवढ्या सुखाची किंमत म्हणून ते ठीक आहे.

ब्लीचविषयी एक गैरसमज आहे. त्यातील हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे चेहऱ्यावरच्या केसांचा रंग उतरतो आणि म्हणून चेहरा उजळ भासतो, त्वचेचा रंग मात्र तोच राहतो. कानामागे थोडे लावून दोन दिवस थांबल्याशिवाय कोणालाही चेहऱ्यावर लावू देऊ नका. लग्नाच्या तीन दिवस आधी पील करणे हा तर जुगार आहे. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे पील करायचेच असेल तर ते डॉक्टरांकडे आणि आतापासून, म्हणजे काही बिघडलेच तर दुरुस्तीला वेळ राहील. माझ्या पार्लरमध्ये नियम आहे की जे मुलीच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी लागलेले नाही ते लग्नाआधीच्या पंधरा दिवसांत लावायचे नाही. नवरीची मावशी मुंबईहून कितीही भारी फेस पॅक घेऊन आली तरी नाही. वॅक्सिंग तीन-चार दिवस आधी करावे, आणि मुरुमांसाठी अडापालीन किंवा ट्रेटिनॉइन लावत असेल तर वॅक्सिंगच्या आठवडाभर आधी ते थांबवावे, नाहीतर पट्टीबरोबर कातडीही निघते.

हळदीला मात्र नाही म्हणू नका. घरच्या गड्ड्यांची उकडून, वाळवून कुटलेली हळद असेल तर उत्तम, कारण बाजारातल्या सुट्या भुकटीत रंग मिसळलेला असण्याची भीती असते. तीत लिंबू मात्र पिळू नका. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागले तर फोड येऊन काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. शेजारच्या ख्रिस्ती घरांत रोसच्या दिवशी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात, आपल्याकडे हळद. दोन्हींत घासणे नाही, माखणे आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मेंदीबद्दल शेवटचे. मेंदीचा रंग नारिंगी ते गडद तपकिरी येतो. जो कोन तासाभरात काळाकुट्ट रंग देतो त्यात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असू शकते. किनाऱ्यावर पर्यटकांना काळे टॅटू काढून देतात ते याच जातीचे. त्याने फोड आलेला हात मी पाहिला आहे, नक्षी अगदी जशीच्या तशी उठून आली होती.

मी मडगावात पायलट आहे, म्हणजे मोटारसायकलवरून भाडे नेतो. दिवसभर मोटारसायकलवर असतो. हात कोपरापासून खाली आणि मान काळी पडली आहे. घरचे म्हणतात सनस्क्रीन बायकांसाठी असते. दुसरे म्हणजे पावसाळ्यात मांडीच्या सांध्यात गोल चट्टे उठतात आणि फार खाजतात.
— एक वाचक, मडगाव

घरच्यांना सांगा की ऊन पुरुष-बाई पाहत नाही. गोव्यात एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्याही वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीत ११ पासून पुढची पायरी शेवटची, म्हणजे अतितीव्र. पातळ ढग हे किरण फारसे अडवत नाहीत, म्हणून श्रावणातही सुटका नसते. तरीही आपल्याला मी आधी क्रीम सांगणार नाही. दाट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि मानेभोवती रुमाल हे सर्वांत स्वस्त आणि दिवसभर टिकणारे सनस्क्रीन आहे. उघड्या राहणाऱ्या भागासाठी एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा ५० असलेले सनस्क्रीन घ्या. ३० मुळे जळवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात आणि ५० मुळे सुमारे ९८, त्यामुळे आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा पुरेसे लावणे महत्त्वाचे. तर्जनी आणि मधले बोट, या दोन बोटांवर लांब रेघ काढावी, एवढे तोंड आणि मानेला लागते. लोक वाटाण्याएवढे लावतात आणि गुण येत नाही म्हणतात. घाम आला की ते धुऊन जाते, म्हणून दर दोन तासांनी, निदान स्टँडवर भाड्याची वाट पाहत असताना, पुन्हा लावा.

चट्टे गजकर्णाचे दिसतात, पण खात्री डॉक्टरांनीच करावी. इथेही पहिल्या पत्रातलीच गोष्ट आहे: खाज ‘एका दिवसात’ घालवणाऱ्या मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड असते, खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते. ओली पॅंट अंगावर सुकू देऊ नका, दुसरी कोरडी सोबत ठेवा. घरातल्यांशी टॉवेल वाटून घेऊ नका, आणि औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलीची मान मागून काळी, मखमलीसारखी जाड झाली आहे. नारळाच्या काथ्याने आणि लिंबाने रोज घासते तरी जात नाही. माझ्या स्वतःच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरट ठिपका दिसू लागला आहे.
— एक आई, पेडणे

मुलीची मान घासणे आजच थांबवा. तो मळ नाही. मखमली, काळपट मान पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, विशेषतः वजन वाढलेले असेल आणि घराण्यात मधुमेह असेल तर. बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्या सांगतील त्या तपासण्या करून घ्या. वजन उतरले तर मान आपोआप फिकी होते. घासल्याने ती अधिकच काळी पडते. नायलॉनच्या जाळीने वर्षानुवर्षे पाठ घासणाऱ्या बायकांच्या पाठीवर बारीक लाटांसारखी काळी नक्षी उमटलेली मी कित्येकदा पाहिली आहे. शाळेत तिला कोणी ‘आंघोळ करत नाहीस का’ असे विचारत असेल, तर दोष तिच्या स्वच्छतेचा नाही हे तिला घरातून कळले पाहिजे.

टिकलीचे म्हणाल तर काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनाने त्या जागेचे रंगद्रव्य नष्ट होते. चिकटवायची टिकली पूर्ण बंद करा आणि ठिपका वाढण्याची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लवकर थांबवल्यास रंग परतण्याची आशा असते. कुंकू लावायचे असेल तर तेही आधी हातावर लावून पाहा.

टाचांना भेगा पडतात. आजी भिरंडेल लावायची. ते खरेच गुणकारी आहे की आठवणीपुरते?
— एक वाचक, काणकोण

खरेच गुणकारी आहे. कोकमाच्या बियांचे हे तेल थंडाव्याला घट्ट राहते, अंगाच्या उबेने विरघळते आणि टाचेवर जाडसर थर धरून आतली ओल टिकवते. कोकणात यालाच मुठेल म्हणतात. आजी लावत असणार तसे, रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, टिपून, किंचित ओलसर असतानाच चोळावे आणि सुती मोजे घालावेत. चेहऱ्यावर मात्र नको, मुरुमे येणाऱ्यांना ते जड पडू शकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलांबरोबर हे तेल मिळाले तर वास घेऊन घ्या, खवट झालेले घेऊ नका. मधुमेह असेल किंवा भेगांतून रक्त येत असेल तर दगडाने घासत बसू नका, पाय डॉक्टरांना दाखवा.