अपघाताच्या आधीचा हिशेब : एक पत्र

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

शेतकरी कुटुंबांमध्ये जाऊन काम करण्याचे तू ठरवलेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पत्रासोबत तू दोन याद्या पाठवल्या आहेस. एक कुटुंबांच्या सामाजिक व आर्थिक गरजांची आणि दुसरी शेतावरच्या धोक्यांची. दोन्ही मन लावून केलेल्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या कागदांवर आहेत आणि माझे सारे सांगणे त्याविषयीच आहे. शेतकऱ्याच्या घरात त्या एकाच कागदावर लिहिलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरचे, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या अवजाराला पोहोचवणाऱ्या फिरत्या दांड्यावरचे, तुटलेले झाकण महिनोन्महिने तसेच का राहिले, याचे उत्तर यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मिळत नाही. ते त्या घराच्या वहीत, थकलेल्या हप्त्याच्या शेजारच्या ओळीत मिळते.

हे मी स्वतः उशिरा शिकले. सुरुवातीची काही वर्षे, फवारताना हातमोजे घाला, चष्मा लावा, नाक-तोंड झाका, असे सांगत मी घरोघर फिरत असे. एका घरी माझे सांगून झाले, तेव्हा घरची बाई काही न बोलता आत गेली आणि नवऱ्याचा फवारणीचा सदरा घेऊन आली. उजव्या खांद्यापासून कंबरेपर्यंत त्याचे कापड विटून कडक झाले होते. पाठीवरच्या पंपाच्या झाकणातला वायसर झिजला होता आणि माणूस वाकला की औषध पाठीवर झिरपत होते. तो सदरा ती मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत, उघड्या हातांनी धूत होती. नवा वायसर का आणला नाही, असे मी विचारले. वायसर महाग नाही, ती म्हणाली, पण तो आणायला गेले की एक दिवस मोडतो, आणि पिकावर कीड पडल्यावर दिवस मोडता येत नाही. माझ्या भाषणात त्या दिवसाची किंमत कुठेच धरलेली नव्हती. त्यानंतर मी कोणत्याही घरी हातमोज्यांपासून बोलायला सुरुवात केलेली नाही.

त्या सदऱ्याची गोष्ट आणखी थोडी सांगते, कारण तिच्यात बरेच काही दडलेले आहे. कीटकनाशकाला आपण सर्रास ‘औषध’ म्हणतो आणि त्या शब्दामुळे हात नकळत सैल पडतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नाकातोंडावाटे जशी शरीरात जातात तशीच ती कातडीतूनही शिरतात, आणि मज्जासंस्थेच्या कामाला आवश्यक असलेल्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमला निकामी करतात. घाम फुटणे, तोंडाला लाळ सुटणे, डोके दुखणे, दृष्टी धूसर होणे, बाहुल्या बारीक होणे, छाती भरून येणे ही या विषबाधेची लक्षणे होत. त्यांतली सुरुवातीची लक्षणे थकव्यासारखी किंवा उन्हाच्या त्रासासारखी वाटतात. ज्याला उद्याही फवारायचे आहे तो माणूस ती तशीच समजून घेतो, कारण दुसरे काही समजून घेणे त्याला परवडत नाही. म्हणून प्रत्येक घरात एवढे पक्के ठसव : त्रास जाणवताच काम थांबवायचे, भिजलेले कपडे उतरवायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचे आणि दवाखान्यात जाताना डब्यावरची चिठ्ठी किंवा तिचा फोटो सोबत न्यायचा. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, आणि धुणारीलाही हातमोजे हवेत. सुरक्षिततेच्या बहुतेक पत्रकांमध्ये फवारणारा असतो, पण त्याचे कपडे धुणारी नसते.

यंत्रांच्या बाबतीत घड्याळाकडे लक्ष दे. पीटीओ शाफ्ट सर्वसाधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. सदऱ्याचे टोक किंवा ओढणी त्यात सापडली, तर हात मागे घ्यायचा विचार मनात येईपर्यंत कापडाचे कितीतरी वेढे बसलेले असतात. सावध राहा, हा सल्ला तेथे उपयोगाचा नाही. झाकण हवे, आणि अडकलेला पेंढा काढण्यापूर्वी इंजिन बंद करण्याची सवय हवी. ही सवय नेमकी कधी सुटते? काढणीच्या शेवटच्या दिवसांत, अंधार पडत असताना, भाड्याचे मळणीयंत्र पहाटे दुसरीकडे जायचे असताना सुटते. त्यामुळे अपघात कसा झाला, हे विचारण्याआधी तो किती वाजता झाला, त्या दिवशी माणूस किती वाजता उठला होता आणि यंत्र कोणाच्या मालकीचे होते, हे विचार. या तीन उत्तरांतून घराची आर्थिक स्थिती जेवढी कळते तेवढी उत्पन्नाच्या रकान्यातून कळत नाही.

ट्रॅक्टर उलटण्याबाबत एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि पुढच्या काळात चौकटीचे ट्रॅक्टर जसजसे वाढत गेले तसतसे उलटून होणारे मृत्यू तेथे फार मोठ्या प्रमाणात घटले. शेतकरी एकाएकी अधिक सावध झाले म्हणून हे घडले नाही. उतारावर किंवा बांधाच्या कडेला ट्रॅक्टर कलंडला, तरी चौकट आणि सीटबेल्ट यांच्यामुळे चालकाला जगण्याइतकी जागा उरू लागली. पण नियम नव्या यंत्रांना लागू होतो आणि गरीब घरात जुने यंत्र येते. चौकट नसलेला जुना ट्रॅक्टर ज्याच्या दारात उभा आहे, त्याच्या निष्काळजीपणाची नोंद करण्याऐवजी जुन्या ट्रॅक्टरला चौकट बसवून घ्यायला त्याला कर्ज किंवा अनुदान कोठून मिळेल, याची नोंद कर.

आता घराविषयी. कारखान्याला फाटक असते, शेताला नसते. राहण्याची जागा आणि कामाची जागा एकच असल्यामुळे दोन वर्षांचे मूल आणि ऐकू कमी येणारे आजोबा मागे येणाऱ्या ट्रॉलीच्या वाटेतच वावरत असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना शेतीची गणना खाणकाम आणि बांधकाम यांच्याबरोबर सर्वांत धोकादायक कामांमध्ये करते. शेतीतील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीचा तिचा १८४ क्रमांकाचा करार २००१ साली झाला आणि त्यात धोकादायक कामासाठी किमान वय साधारणपणे १८ वर्षे ठरवले गेले. मात्र त्याच कराराच्या व्याख्येतून केवळ उदरनिर्वाहापुरती केलेली शेती वगळलेली आहे. ज्या घरात मजूर आणि मालक एकच आहेत, तेथपर्यंत कायद्याचा हात जेमतेम पोहोचतो, आणि तुझे काम नेमके तेथेच आहे. याच संघटनेने युनिसेफबरोबर २०२० सालासाठी केलेल्या अंदाजानुसार जगात १६ कोटी मुले बालमजुरीत होती. त्यांतील ११ कोटी २० लाख, म्हणजे १०० पैकी ७०, शेतीत होती आणि त्यांतली बहुसंख्य स्वतःच्या कुटुंबासाठीच राबत होती.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मूल बसलेले दिसले, तर तुला आधी राग येईल. तो येऊ दे, पण बोलण्यापूर्वी एक प्रश्न विचार : हे मूल आत्ता दुसरीकडे कोठे असू शकले असते? आई निंदणीला, आजी आजारी, शाळेला सुट्टी, असे उत्तर आले, तर मडगार्ड ही त्या आईबापांना सुचलेली सगळ्यांत जवळची, नजरेसमोरची जागा असते. ती जीवघेणी आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. पण काढणीच्या महिन्यात चार घरांची मुले एका घरी सांभाळण्याची सोय लागेपर्यंत ते मूल पुन्हा तेथेच बसणार आहे. पाळणाघराची गरज तुझ्या पहिल्या यादीत आहे आणि ट्रॅक्टरवरून पडण्याचा धोका दुसऱ्या यादीत. माझ्या मते ती एकच नोंद आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडते. त्या करतात त्या कामाला घरातही ‘मदत’ म्हणतात, आणि जमीन नावावर नसली की कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई यांच्या कागदांवरही त्यांना शेतकरी म्हणून जागा मिळत नाही. कडबाकुट्टी यंत्रात बोटे गेलेली बाई ‘घरकाम करताना जखमी’ अशी नोंदली गेलेली मी पाहिली आहे. नोंदच चुकली, तर पुढे मिळायचे तेही हुकते. कुटुंबाची माहिती घेताना पहाटेपासून रात्रीपर्यंतची कामे प्रत्येक व्यक्तीला वेगवेगळी विचार, आणि स्त्रियांशी पुरुषांच्या गैरहजेरीत बोल.

एका धोक्याबद्दल मात्र मी हिशेब बाजूला ठेवून सांगते. विहीर, धान्याची बंद कोठी, मुरघासाचा उंच हौद, शेणाची टाकी : या जागांतली हवा माणसाला काही क्षणांत पाडू शकते. शेणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की हाच वायू वास घेण्याची शक्ती मारतो आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. आत पडलेला माणूस घरचाच असतो, म्हणून घरातला दुसरा माणूस मागचापुढचा विचार न करता उतरतो, आणि त्याच्यामागे तिसरा. बंदिस्त जागांमधील मृत्यूंचा अभ्यास करून अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार अशा मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. ज्या घरात बाप आणि दोन मुलगे मिळून शेती करतात, तेथे हा आकडा वाचताना माझा हात थरथरतो. श्वासाचे संच आणि दोर घेऊन येणाऱ्या पथकाला बोलवायचे, आणि तोवर कोणीही उतरायचे नाही. हे घरातल्या सर्वांसमोर, मुलांसमोरही, पुन्हा पुन्हा सांग. त्या वेळी ते क्रूर वाटेल, तरी सांग.

कर्जाच्या चिंतेबद्दल तू विचारले आहेस. शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा येते आणि देणी दर महिन्याला येतात. आजारी पडलेल्या पगारी माणसाला निदान रजा मागता येते, शेतकऱ्याच्या गुरांना आणि पिकाला रजा माहीत नसते. पाय मोडलेल्या माणसाचे सहा आठवडे कोण भरून काढणार, याचे उत्तर आधीच ठरलेले नसते, तेव्हा माणूस मोडका पाय घेऊन कामाला लागतो आणि दुसरा अपघात तेथून सुरू होतो. मनावरचा भार वाढलेल्या घरात कीटकनाशकाचा साठा कुलपात, शक्यतो घराबाहेर असावा, हेही संकोच न करता सांग. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ ते २००५ या काळात सुमारे निम्म्यावर आले. दुःखाच्या एका तासात विष हाताशी नसणे, एवढ्याने माणूस वाचू शकतो. मात्र कुलूप लावून सावकाराचा तगादा थांबत नाही. म्हणून झोप उडालेला, बोलणे कमी झालेला माणूस दिसला, तर त्याच्याजवळ बैस, सरळ विचार, त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचव आणि कर्जाचे कागद समजावून देणारे माणूसही गाठून दे.

पहिल्या भेटीला काढणीच्या दिवसांत जाऊ नकोस. गेल्यावर लगेच वही उघडू नकोस, आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द पूर्णपणे टाळ. गेल्या हंगामात कोणता अपघात थोडक्यात टळला, असे विचार. अपघात सांगायला लोक कचरतात, पण थोडक्यात टळलेले प्रसंग मोकळेपणाने सांगतात, आणि पुढचा अपघात बहुधा त्यांतच असतो. उठण्यापूर्वी बिनखर्चाचा एक बदल घरच्यांनाच सुचवू दे आणि तो त्यांच्या देखत लिहून घे. खर्चाचे बदल वेगळ्या पानावर लिही. ते पान घरासाठी नाही. सहकारी संस्था, बँक आणि शासन यांच्याकडे आपल्याला न्यायचे आहे.

दोन्ही याद्या परत पाठवत आहे. पहिल्या पाच घरांना भेट दिल्यावर त्या एका कागदावर नव्याने मांड आणि प्रत्येक धोक्यासमोर तो ज्या अडचणीतून आला ती अडचण घरच्यांच्याच शब्दांत लिही. तो कागद मला पाठव, मी त्याची वाट पाहते आहे.

तुझी शुभचिंतक