त्वचा ‘निर्जंतुक’ होते का?

‘शस्त्रक्रियेपूर्वी योग्य जंतुनाशक निवडून त्वचा निर्जंतुक करावी व कोरडी करावी.’ शस्त्रक्रियागृहातल्या सूचनांसाठी हे वाक्य चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. पहिली हरकत ‘निर्जंतुक’ला. ‘निर्’ लागला की ती गोष्ट अजिबात नाही, असा अर्थ होतो. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघालेली कात्री निर्जंतुक असते, त्वचा कधीच होत नाही. केसांच्या मुळाशी आणि ग्रंथींत जंतू उरतातच. औषधाने फक्त त्यांची संख्या खूप घटते. हा शब्द हत्यारे, गाऊन आणि चादरींसाठीच राखून ठेवावा.

‘जंतुनाशक’ तसा चुकीचा नाही, पण तो फरशीच्या फिनाईललाही लागतो. इथे हवे आहे ते अँटिसेप्टिक, म्हणजे जिवंत कातडीला सोसेल असे औषध. मूळ ग्रीक ‘सेप्सिस’ म्हणजे कुजणे. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टरने 1867 साली कार्बोलिक आम्लाच्या वापराविषयी लिहिले, तेव्हा जखम कुजू न देणे हाच त्याचा मुद्दा होता. म्हणून परिभाषेतला ‘पूतिरोधक’ अर्थाला सर्वांत जवळचा. संस्कृत ‘पूति’ म्हणजे कुजका, दुर्गंधी. आपल्या जखमेतल्या ‘पू’चे गोत्र तेच. शब्द मला फार आवडतो, पण ‘पूत’ म्हणजे पवित्र हेही कानाशी असते आणि वाचणारा अडखळतो. सूचनांत सरळ ‘अँटिसेप्टिक’ लिहावे, नाहीतर ‘जंतुरोधक’.

सर्वांत धोक्याचे मात्र ‘कोरडी करावी’. ते वाचून कुणी पुसून घेईल! औषध आपोआप वाळायला हवे, कारण त्या वेळातच ते काम करते. शिवाय औषधातले अल्कोहोल ओले असताना कॉटरी (रक्तस्राव थांबवायला ऊती जाळणारे विजेचे उपकरण) लावली तर ते पेट घेऊ शकते. मराठीत ‘वाळू देणे’ हा नेमका प्रयोग आहे, तोच वापरावा.

‘योग्य’ तर काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये अखंड त्वचेसाठी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनची शिफारस केली. पण ते डोळ्यात किंवा मधल्या कानात जाता कामा नये; डोळ्याच्या शस्त्रक्रियेला पोव्हिडोन-आयोडीन वापरतात. आयोडीनची किंवा क्लोरहेक्सिडिनची अ‍ॅलर्जी आहे का, हेही विचारावे लागते.

मी असे लिहीन: ‘शस्त्रक्रियेची जागा व रुग्णाची अ‍ॅलर्जी पाहून अँटिसेप्टिक निवडावे, त्वचेला लावावे आणि न पुसता पूर्ण वाळू द्यावे.’