हवेवरचे मानपान

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून चालवायच्या रेडिओवर, कोणाला काय म्हणावं (तो चालवणारा तो ‘हॅम’), यावर आलेल्या पत्रांतली पाच या अंकात घेतली आहेत. उत्तरं देणारी मी तार ऑफिसातून निवृत्त झालेली, नाशिकची, व्हीयू२ कॉलसाइनची (कॉलसाइन म्हणजे परवान्यासोबत मिळणारं हवेवरचं नाव). मतं माझी आहेत, भांडायचं तर माझ्याशी भांडा.

मी १९ वर्षांचा आहे. नुकताच परवाना मिळाला, कॉलसाइन व्हीयू३ची. सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हवेवर भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत) साठीतली मंडळी मला ‘ओएम’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘ओल्ड मॅन’ असा कळला. ही थट्टा आहे का? आणि मी त्यांना काय म्हणू – ओएम, काका की सर? (एक वाचक, सातारा)

थट्टा नाही. तुम्हाला पंगतीत बसवून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. मोर्समध्ये, म्हणजे आखूड-लांब सुरांच्या लिपीत, प्रत्येक अक्षर मनगटाने पाठवायचं, त्यामुळे रामराम जितका आखूड तितका बरा. ‘ओएम’ म्हणजे डा-डा-डा, डा-डा. पाच लांब सूर, खरखरीतूनही ओळखू येतात. पुरुष ऑपरेटर १२ वर्षांचा असो (आपल्याकडे परवान्याचं किमान वय तेवढंच आहे) की ८०चा, तो ओएमच. आपल्या लोकांनी पुढे त्याचा चक्क ‘श्री.’ करून टाकला. क्लबच्या निमंत्रणपत्रिकेवरही ‘ओएम अमुक, ओएम तमुक’ छापलेलं असतं.

इंग्रजीत बोलताना प्रश्नच नाही. कॉलसाइन आणि पहिलं नाव, बस्स. जॉर्डनचे राजे हुसेन हॅम होते, कॉलसाइन जेवाय१. हवेवर ते स्वतःची ओळख नुसती ‘हुसेन’ अशी करून देत. पलीकडचा हॅम ‘युवर मॅजेस्टी’ म्हणावं का या विचाराने घामाघूम झालेला असे, ते वेगळं.

पंचाईत होते ती मराठीत. साताऱ्याचा मुलगा सत्तरीच्या गृहस्थांना नुसतं ‘अरविंद’ म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. माझा तोडगा असा: आधी कॉलसाइन, मग नावाला ‘राव’ किंवा ‘जी’, आणि क्रियापद ‘तुम्ही’चं. ‘काका’ मात्र नको. एकदा काका म्हटलं की समोरच्याची ॲन्टेना चुकीची बांधली आहे हे सांगायची सोय उरत नाही. हाच नियम उलटाही लागू. ज्येष्ठांनीसुद्धा नव्या पोराला हवेवर ‘तुम्ही’च म्हणावं. रिपीटरवर (आवाज पकडून लांबवर पुन्हा सोडणाऱ्या स्टेशनवर) ‘अरे बाळा, तुझा ऑडिओ फाटतोय’ असं ऐकलं की मला त्या बाळाची दया येते, सगळा जिल्हा ऐकत असतो. ‘सर’ राखून ठेवा तुम्हाला शिकवणाऱ्यासाठी. त्याला जगभर ‘एल्मर’ म्हणतात. एल्मर फ्रोहार्ट नावाचे एक अमेरिकन हॅम नवशिक्यांना हाताशी धरून शिकवायचे, त्यांच्यावर ‘क्यूएसटी’ मासिकात १९७१ साली लिहून आलं आणि नाव रूढ झालं.

आणि ‘समजलं’ म्हणून ‘टेन-फोर’ म्हणणं सोडा. ते सिटिझन बँडवाल्या, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या रेडिओवर बोलणाऱ्या ट्रकचालकांचं. आपलं ‘रॉजर’. त्याचाही अर्थ ‘तुमचं सगळं मिळालं’ इतकाच. ‘हो’ म्हणायचं असेल तर हो म्हणा.

माझे यजमान हॅम आहेत. हवेवर माझा उल्लेख ते ‘एक्सवायएल’ असा करतात आणि मुलांना ‘हार्मोनिक्स’ म्हणतात. त्यांचे मित्र मला ‘८८’ सांगून जातात. मी आता स्वतःच परीक्षेचा अभ्यास करते आहे. हे सगळं चालवून घ्यायचं का? (एक वाचिका, चिपळूण)

परीक्षेला बसताय हे वाचून बरं वाटलं. आता एकेक बघू.

‘वायएल’ म्हणजे यंग लेडी, बाई ऑपरेटर, वय काही का असेना. नव्वदीची आजी असली तरी वायएलच, त्यामुळे यात पुरुषांपेक्षा आपला सौदा बरा. ‘एक्सवायएल’ म्हणजे पूर्वाश्रमीची यंग लेडी, अर्थात लग्न झालेली बायको. विनोद जुना आहे आणि शिळा आहे. परवाना हातात आला की तुम्ही वायएल. यजमानांनी मग तुमची ओळख कॉलसाइनने करून द्यावी. ‘हार्मोनिक्स’ हे मूळ लहरीच्या पटीतल्या नको असलेल्या लहरींचं नाव. मुलं मोठी झाली की तीच हरकत घेतील.

८८ म्हणजे ‘प्रेम आणि मुके’. यजमान तुम्हाला पाठवोत, त्यांच्या मित्रांनी ७३वर, म्हणजे नुसत्या शुभेच्छांवर, थांबावं. ही तुमची तक्रार मी तुमच्या जागी असते तर आडून सुचवली नसती, माइक घेऊन सरळ सांगितली असती. बायकांनी एकमेकींना म्हणायचा स्वतंत्र आकडा आहे, ३३. अमेरिकेतल्या महिला हॅमच्या ‘यंग लेडीज रेडिओ लीग’ने तो चालवला. ही लीग १९३९ची. माझ्याकडून तुम्हाला ३३.

मलाही नेटवर सर्रास ‘ओएम’ म्हटलं जातं. माझा आवाज जाडा आहे आणि बँडवर बाई असेल अशी कोणाची अपेक्षा नसते. मी दर वेळी दुरुस्त करत बसत नाही, पण नाव स्पष्ट सांगते. कॉलसाइनला लिंग नसतं, हा या छंदाचा मोठा फायदा. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद अंदमानातून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर बोलत होत्या. तिथे संपर्क साधायला जगभरचे हॅम रांग लावून होते. २६ तारखेला त्सुनामी आली, तेव्हा त्याच रेडिओवरून निरोप बाहेर गेले. ऐकणाऱ्याला हवी होती ती सहा अक्षरं आणि त्यामागचा मजकूर.

निरोप घेताना ७३ म्हणावं की इंग्रजी अनेकवचनासारखं ७३ज? (एक वाचक, सांगली)

७३. तो आकडाच ‘शुभेच्छा’ आहे, त्याचं पुन्हा अनेकवचन कशाला? अमेरिकन तारवाल्यांपासून तो चालत आला आहे. आमच्या तार ऑफिसातही ठरावीक शुभेच्छांना क्रमांक होते, दिवाळीला वेगळा, लग्नाला वेगळा, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचायचे. मोर्समध्ये ७३ पुढून आणि मागून सारखंच वाजतं, हातालाही गोड लागतं.

तसंच हसण्याची खूण म्हणून म्हणतात त्या ‘हाय हाय’चं. मोर्समध्ये हसू पाठवता येत नाही म्हणून ते आलं. माइक हातात असेल तर खुशाल हसा.

वडील हॅम होते, गेल्या महिन्यात वारले. ग्रुपवर त्यांच्या कॉलसाइनपुढे सगळ्यांनी ‘एसके’ लिहिलं. आता त्यांच्या सेटवरून मी एकदा सर्वांचे आभार मानू शकतो का? (एक वाचक, अहिल्यानगर)

एसके म्हणजे ‘सायलेंट की’. मोर्सची चावी थांबली, असा त्याचा अर्थ. काम संपल्यावर तारेवर पाठवायची खूणही हीच. यापुढे वडिलांचं नाव हॅम मंडळींत कॉलसाइन आणि एसके असंच घेतलं जाईल. तो मान आहे.

आभार जरूर माना, पण परवाना त्यांच्या नावाचा होता, वारसाहक्काने तो मिळत नाही. जवळच्या एखाद्या परवानाधारकाला त्याच्या स्टेशनवरून निरोप द्यायला सांगा, कोणीही नाही म्हणणार नाही. सेट परवानाधारकालाच द्या. दूरसंचार विभागाच्या परवाना शाखेलाही कळवा. क्यूएसएल कार्डं (संपर्क झाल्याची पोच म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात ती) मात्र रद्दीत घालू नका. क्लबला विचारा.

मी ट्यूनिंग करत होतो तर मध्येच कोणीतरी मोर्समध्ये ‘लिड’ असं पाठवलं. ही शिवी आहे का? (एक वाचक, नागपूर)

आहे. लिड म्हणजे कच्चा, बेपर्वा ऑपरेटर. देणाऱ्याने दिली हे वाईट, कारण कोणी फ्रिक्वेन्सीवर शिव्यांनी शहाणं होत नाही. पण तुम्ही चालू गप्पांवर कॅरियर, म्हणजे नुसती मजकुराविना लहर, सोडला असणार. ट्यूनिंग डमी लोडवर (ॲन्टेनाऐवजी जोडायच्या, लहर हवेत न सोडणाऱ्या उपकरणावर) करा. हवेवर जाण्याआधी थोडा वेळ ऐका, मग ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असं दोनदा विचारा आणि कॉलसाइन सांगा. मोर्समध्ये ‘क्यूआरएल?’ पुरतं. कोणी ‘हो’ म्हटलं तर सॉरी म्हणून चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला व्हा.