आधी रेसिड्युअल बघ

अवकाशयानाची कक्षा काढायला बसलास की सॉफ्टवेअरच्या उत्तरावर लगेच विसंबू नकोस. डॉप्लरवरून, म्हणजे यानाच्या रेडिओ संदेशाच्या बदलत्या वारंवारितेवरून, त्याचा वेग कळतो, पण फक्त आपल्या दृष्टिरेषेतला. माटुंग्याला न थांबता धडधडत जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा ऐक, तोच प्रकार. आडव्या दिशेसाठी दूरदूरचे दोन अँटेना आळीपाळीने यान आणि क्वेसार (आकाशातली जागा पक्की ठाऊक असलेला फार दूरचा रेडिओस्रोत) ऐकतात.

मग रेसिड्युअलचा, म्हणजे मोजलेला आकडा आणि हिशेबाने आलेला आकडा यांतल्या फरकाचा, आलेख काढ. ठिपके शून्याभोवती विस्कटलेले हवेत. ते एका बाजूला कलले, तर बहुधा एखादं बल हिशेबातून सुटलंय: सूर्यप्रकाशाचा दाब, थ्रस्टरचे (यानावरच्या छोट्या इंजिनांचे) बारीक झटके. नासाचं मंगळयान मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये गमावलं ते याच झटक्यांपायी. आकडे पाउंड-सेकंदांत आले आणि न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत एकक लिहीच.