राजीनामा आधी की व्हिसा आधी?

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सॉफ्टवेअर टेस्टर. ऑगस्ट २०२३ पासून इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका कंपनीत स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. व्हिसा ऑगस्ट २०२८ पर्यंत, नवरा आणि मुलगी डिपेंडंट. आता मँचेस्टरच्या एका कंपनीची ऑफर आहे, वर्षाला ३८,५०० पौंड, त्यात ४,००० बोनस. त्यांची एचआर म्हणते, ‘आधी राजीनामा द्या, सीओएसचं (व्हिसासाठी कंपनीने द्यायच्या दाखल्याचं) नंतर बघू.’ इकडे मॅनेजरला कुणकुण लागली, तर तो म्हणाला, ‘पेपर टाकलेस की त्याच दिवशी व्हिसा रद्द करतो आणि ६,२३५ पौंड वसूल करतो.’ पगाराची अट ४१,७०० झाली असंही ऐकते. डिसेंबरमध्ये धाकट्या भावाचं सांगलीत लग्न आहे. काय करू?

उत्तर : पेपर टाकू नका. नवा व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल येईपर्यंत तरी नाही.

तुमचा व्हिसा ऑगस्ट २०२८ पर्यंत असला तरी तो या कंपनीच्या, या कामापुरता आहे. मँचेस्टरला जायचं तर नव्या कंपनीने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सीओएस द्यायचं आणि त्यावर तुम्ही इथे राहूनच नवा अर्ज करायचा. नवं काम सुरू होण्याच्या तारखेआधीच्या तीन महिन्यांत तो करता येतो. निर्णय लागेपर्यंत जुन्या नोकरीत काम करता येतं, नव्या कंपनीत मात्र एक दिवसही नाही. मंजुरी आल्यावर राजीनामा देऊन नोटीस पीरियड जुन्या कंपनीत पुरा करायलाही नियमांत परवानगी आहे. मग आधी राजीनामा देऊन हवेत लटकायचं कशाला? उद्या अर्ज नामंजूर झालाच, तर तुमची नोकरी शाबूत असेल आणि जुना व्हिसाही. आणि हो, जुन्या कंपनीच्या एनओसीची किंवा रिलिव्हिंग लेटरची या अर्जाला गरज नसते. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांनी ती धास्ती आपल्या हाडीमाशी भिनवली आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

नव्या एचआरचं ‘नंतर बघू’ मला बिलकूल आवडलेलं नाही. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीच्या व्हिसासाठी पाठिंबा देऊ शकणाऱ्यांची, यादी खुली आहे. त्यात ही कंपनी ‘स्किल्ड वर्कर’ या मार्गासाठी ‘ए’ रेटिंगने आहे का, हे आजच बघा. नाव ऑफर लेटरवरच्या नोंदणीकृत नावाशी जुळवा, पाटीवरच्या नावाशी नको. तिथे नाव सापडलं तर एचआरला विचारा, वर्षाच्या कोट्यातलं सीओएस शिल्लक आहे का? नसेल तर त्यांना ते गृहखात्याकडे, म्हणजे होम ऑफिसकडे मागावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. सीओएसचा नंबर हाती आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

आता पगार. ४१,७०० हा आकडा खरा आहे, २२ जुलै २०२५ पासूनचा. पण तो नव्याने येणाऱ्यांसाठी. ज्यांचं सीओएस ४ एप्रिल २०२४ च्या आधीचं आहे आणि जे तेव्हापासून खंड न पडता याच व्हिसावर आहेत, त्यांना सध्या ३१,३०० पौंडांची मर्यादा लागते. तुम्ही त्यात बसता. पण गफलत होते ती इथे नाही, बोनसमध्ये. हिशेबात फक्त हमीचा मूळ पगार धरतात, बोनस धरत नाहीत. म्हणजे तुमची ऑफर या कामापुरती ३४,५०० ची. ३१,३०० ओलांडले, तरी दुसरी चाळणी उरतेच: तुमच्या कामाच्या ऑक्युपेशन कोडचा, म्हणजे सरकारी यादीतल्या कामाच्या प्रकाराचा, ठरलेला दर. तुमच्यासारख्या जुन्या लोकांसाठी त्याचा वेगळा, कमी दरांचा तक्ता आहे. दोन्हींपैकी जो आकडा जास्त, तो मूळ पगाराने गाठायला हवा. तक्त्यातले दर आठवड्याला ३७.५ तास धरून आहेत, त्यामुळे करारात ४० तास लिहिले असतील तर दर त्या प्रमाणात वाढतो. सीओएसवर कोणता कोड टाकणार हे लेखी मागा आणि ते काम तुमच्या रोजच्या कामाशी जुळतं का, हेही पाहा. आकडा तोकडा पडत असेल तर सही करण्याआधीच बोनसचा काही भाग मूळ पगारात घालून घ्या. बोलणी करायची वेळ हीच.

मॅनेजरच्या धमकीचे दोन भाग आहेत. व्हिसा रद्द करणं त्याच्या हातात नाही. तुम्ही नोकरी सोडल्यावर कंपनीने दहा कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं. मग होम ऑफिस पत्र पाठवून व्हिसाची मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणतं. हे दिवस पत्राच्या तारखेपासून मोजतात, राजीनाम्यापासून नाही. त्या मुदतीत नवा अर्ज केला तर निर्णय लागेपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर राहतो. पण ही सोय नोकरी अचानक गेली तर वापरायची, तिच्या भरवशावर बेत आखायचा नाही.

पैशांचं बिल जरा उलगडून बघू. ६,२३५ मधले ५,००० हे इमिग्रेशन स्किल्स चार्जचे, म्हणजे तुम्हाला स्पॉन्सर करताना कंपनीने सरकारला भरलेल्या शुल्काचे असणार. मोठ्या कंपन्यांना २०२३ मध्ये तो वर्षाला १,००० होता आणि तुमचं सीओएस पाच वर्षांचं. हा चार्ज कामगाराकडून वसूल करायला सक्त मनाई आहे. करारात लिहिलं असलं तरीही, आणि तसं केलं तर कंपनीचा स्पॉन्सर परवाना धोक्यात येतो. वर गंमत अशी की तुम्ही दुसऱ्या स्पॉन्सरकडे गेलात तर न वापरलेल्या पूर्ण वर्षांचा चार्ज त्यांना सरकारकडून परत मिळतो. म्हणजे साहेब एकाच पैशाची दोनदा वसुली करू बघतायत! उरलेले १,२३५ ही तेव्हाची व्हिसा फी. ती परत द्यायचं कलम तुमच्या करारात असेल तर प्रश्न आहे, नसेल तर नाही. तुमच्या लेखी संमतीशिवाय पगारातून कापणं १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टनुसार बेकायदा आहे. मॅनेजरशी तोंडी वाद घालू नका. मागणी ईमेलवर मागा, रकमेची फोड करून.

लग्नाचं काय? अर्ज प्रलंबित असताना तुम्ही भारतात गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. हल्ली अ‍ॅपवरून ओळख पटवली की पासपोर्ट घरीच राहतो, म्हणून लोकांना वाटतं, जाऊन येऊ. नको. इथून केलेल्या अर्जाला साधारण आठ आठवडे लागतात. ५०० पौंड जास्त भरले तर पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय मिळू शकतो. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरायचं असतं, तेव्हा सर्वात सोपं म्हणजे हळद-अक्षता उरकून परत या आणि मग अर्ज करा. नव्या कंपनीला रुजू व्हायची तारीख तशी टाकायला सांगा.

खर्चाचं आताच विचारून घ्या. नव्या अर्जाची फी वेगळी, शिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क, वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. कंपनी किती उचलणार आणि तुम्ही सोडून गेलात तर किती परत मागणार, हे ऑफरमध्ये यायला हवं. नवऱ्याचा आणि मुलीचा अर्ज लगेच करावा लागत नाही, त्यांची मुदत ऑगस्ट २०२८ पर्यंत आहेच. कायमच्या वास्तव्यासाठी धरायची वर्षंही कंपनी बदलल्याने शून्यावर येत नाहीत. ती पाचाची दहा करण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडला, त्यावर लक्ष ठेवा, पण त्याचा तुमच्या कंपनी बदलण्याशी संबंध नाही.

अर्ज भरण्याआधी करार आणि सीओएसचा मसुदा एखाद्या सॉलिसिटरला किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला दाखवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या ‘कन्सल्टंट’ला नको.