डिस्कचे भाव सोडा, कार्डाकडे बघा

प्रश्न: घरच्या चित्रणाच्या ६० तासांच्या मिनीडीव्ही टेप (जुन्या कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेट) ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीपेक्षा जास्त मावणाऱ्या डिस्कवर, उतरवायच्या आहेत. कोऱ्या डिस्कचे भाव उतरतील असं वाटतंय. ३०० डिस्क आत्ताच घ्याव्यात की वर्षभर थांबावं? नवा कॅमेरा आणि संगणक क्रेडिट कार्डावर घेतलाय. डिस्कच्या खर्चाच्या वीसपट बाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के. किमान रक्कम नियमित भरतो. डिस्क स्वस्त झाल्या की बाहेरची कामं घेऊन बाकी फेडेन. एजंटनं 'पुढच्या उपकरणांसाठी' म्हणून २० वर्षांची विमा पॉलिसीही दिली आहे.

उत्तर: ३०० डिस्क हव्यात कशाला? डीव्ही चित्रण तासाला साधारण १३ जीबी जागा घेतं. ६० तासांचे ७८० जीबी, म्हणजे २५ जीबीच्या ३२ डिस्क. दोन प्रती धरल्या तर ६४, वाया जाणाऱ्या धरून ७०. भाव उतरतील असं वाटत असताना साठा कशाला करायचा? लागतील तशा दहा-दहा आणा.

आता कार्ड. ३०० डिस्कचा खर्च १०० धरा. भाव वर्षात पाव पडला तरी वाचतील २५. तुमची बाकी २०००, तिचं महिन्याचं व्याज ६०. वर्षभर थांबून वाचवलेलं पंधरवड्याच्या आत गेलं! किमान रक्कम भरल्यानं दंड टळतो, मुद्दल जवळजवळ तिथंच राहतं.

आणि डोक्यावर एवढं व्याज असलेल्या माणसाच्या गळ्यात २० वर्षांचे हप्ते मारणाऱ्या एजंटचा मला संताप येतो. अशा पॉलिसीतून वर्षाला ५-६ टक्के सुटले तरी पुष्कळ. कार्डाला तुम्ही ३६ देताय. सरेंडर केली (मुदतीआधी मोडली) तर किती मिळतील आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर काय, हे कंपनीकडून लेखी घ्या. आधी भरलेले बुडतील म्हणून पुढचे भरत बसू नका.

बाहेरच्या कामांवर भिस्त ठेवू नका. डिस्क स्वस्त झाल्या तर सगळ्यांनाच होणार, गिऱ्हाईकही तेवढा दर पाडून मागणार. शिवाय तुमचा खरा खर्च संपादनात जाणारा वेळ आहे, तो काही उतरत नाही.

निम्म्या व्याजाचं वैयक्तिक कर्ज मिळालं तर कार्डाची बाकी एकरकमी फेडा आणि कार्ड वापरणं बंद करा. पॉलिसीच्या हप्त्याचे वाचलेले पैसे त्या कर्जात घाला. नवा कॅमेरा विकता आला तर विका. टेप चालवणारा जुना मात्र हातचा सोडू नका, तो गेला तर टेप वाचणार कशावर? बर्न केलेली (चित्रण उतरवलेली) प्रत्येक डिस्क व्हेरिफाय करा, म्हणजे मूळ फाईलशी ताडून बघा, दुसऱ्या प्लेयरवर चालवून बघा. तोवर एकही टेप पुसायची नाही.